उजवा डोळा

पहाटे पाचला ओडशेलहून निघतो आम्ही.
कायतानच्या होडीमागे माझी जाळी,
मच्छरदाणीहून बारीक विणीची.
झुआरीच्या मुखाशी भरतीचं पाणी गाळून
जे हाती येतं ते त्याला बघवत नाही.
"बाय, हांतूंत नुस्तें खंय आसा?"
मी बरणी उजेडाकडे धरते.
पाण्यातलं पाणी हलतं.
दोन काळे ठिपके
आणि त्यांच्यामागे जेमतेम मासा.

लेपो.
पणजीच्या मार्केटात पिएदाद विकते तोच,
रव्यात घोळून तव्यावर आडवा होणारा,
चपट्या अंगाचा, दोन्ही डोळे डावीकडे,
कुणी निघायच्या घाईत बसवल्यासारखे.
जन्मतः तो असा नसतो.
पहिले पंधरा-वीस दिवस
चारचौघा माशांसारखा उभा पोहतो,
इकडे एक डोळा, तिकडे एक.
मग एका रात्री उजवा डोळा निघतो.

अहवालात मी "स्थलांतर" लिहिते.
पण तो निघतो. मी पाहिलंय.
कोवळी कूर्चा सरून त्याला वाट देते,
कपाळाची कड ओलांडून
तो दुसऱ्या डोळ्याशेजारी येऊन बसतो,
आणि जिकडून आता कुणीच बघत नाही
ती बाजू पांढरी पडत जाते.
मासा तळाला जातो.
परत उभा राहत नाही.

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर,
बावीस टाक्या. पंपांची घरघर.
दिवे चौदा तास, अंधार दहा.
माझं कंत्राट अकरा महिन्यांचं,
तिसऱ्यांदा वाढवलेलं.
डिचोलीहून आई फोनवर विचारते,
"डॉक्टर झालीस ना? मग अजून काय शिकतेस?"
शिकत नाही म्हटलं.
"म्हणजे नोकरी लागली?"
तशी लागलेली नाही म्हटलं.
दूधदात पडलेत, पक्के यायचेत,
तसं काहीतरी आहे हे.
"चौतिसाव्या वर्षी?" म्हणाली,
आणि फणस कुणाकडे पाठवला ते सांगत बसली.

अकरा ते सोळा नंबरच्या टाक्यांत
एक औषध सोडलंय मी,
थायरॉइडचा निरोप पोचूच नये म्हणून.
तिथले लेपे बदलत नाहीत.
खातात, वाढतात, उभेच पोहतात,
दोन्हीकडे बघत.
तळ नावाचं काही असतं
हे त्यांना कळत नाही.
सुलक्षा टाक्या पुसताना म्हणते,
"हेच बरे दिसतात हो. सगळं जागच्या जागी."
मी वहीत आकडा लिहिते.
एकशे बारा होते. आज एकतीस.

सरांनी मागे एक फोटो पाठवला होता.
पाच कोटी वर्षांपूर्वीचा दगड,
त्यात एक मासा,
एक डोळा पार कपाळाच्या कडेपर्यंत चढलेला,
आणि तिथेच.
मला वाटलं पिल्लू असेल, वाटेत मेलेलं.
हाडं मोजली तर पूर्ण वाढलेला.
तेवढ्याच डोळ्यावर शिकार केली असेल त्याने,
त्याच्या मादीला तो वाकडा वाटला नसेल.
त्याची पिल्लंही तशीच, अर्ध्यावर,
आणि त्यांची.
लाखो वर्षं कुणी त्यांना विचारलं नाही
की पुढे काय.

फोटो फ्रीजच्या दारावर लावलाय,
पिएदादच्या उधारीच्या चिठ्ठीखाली.
हो, खाते मी लेपो. शनिवारी.
पांढरी बाजू आधी.

आज सात नंबरच्या टाकीतला एक
भिंगाखाली घेतलाय.
दुपारी डोळा जागेवर होता.
आता रात्रीचे दोन वाजलेत,
खाली रखवालदार रेडिओ बारीक करतो,
आणि डोळा कडेवर आलाय.
ना उजवीकडचा, ना डावीकडचा.
एवढा एक तासभरच
लेपो सरळ वर बघतो.
वर भिंग आहे.
भिंगापलीकडे मी,
एक डोळा मिटलेली.

दोन वाजून सतरा मिनिटं, मी लिहून ठेवते.
मग ठरल्याप्रमाणे
फॉर्मालिनच्या बाटलीचं झाकण काढते.